लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हरमधली मेमरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड, लिहायला नव्याने बसलेल्यांचे प्रश्न फिरून फिरून मेमरीपाशीच येतात. एकच उत्तर टीममध्ये पाच जणांना पाच वेळा देण्यापेक्षा सगळं एका जागी असावं म्हणून हे पान. उदाहरणं लिनक्स कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची आहेत. फंक्शनांची नावं आम्ही टेबलाशी बसून बोलताना उच्चारतो तशीच लिहिली आहेत.

साध्या प्रोग्रॅममध्ये मॅलॉक, ड्रायव्हरमध्ये केमॅलॉक. एवढाच फरक ना?

नाही. दोन्ही फंक्शनं मेमरीच मागतात, पण साधा प्रोग्रॅम चुकला तर कर्नल त्याला बंद करतो आणि त्याची सगळी मेमरी परत गोळा करतो. ड्रायव्हर चुकला तर त्याच्यामागे आवरायला कोणी नाही. विसरलेले ५१२ बाइट मशीन रीबूट होईपर्यंत गेले, मॉड्यूल (कर्नलमध्ये घालता-काढता येणारा ड्रायव्हरचा तुकडा) काढून टाकलं तरी.

दुसरं असं की मॅलॉकने दिलेली मेमरी बऱ्याचदा नुसता वायदा असतो. त्या पानाला (मेमरीच्या ठरावीक मापाच्या तुकड्याला) पहिला हात लागतो तेव्हा कुठे खरी रॅम मिळते, आणि गरज पडली तर ते पान स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरही जातं. केमॅलॉक मात्र त्याच क्षणी खरी रॅम देतं, तीही फिजिकल पत्त्यांत सलग, आणि ती कधीच स्वॅप होत नाही. तुम्ही घेतलेला प्रत्येक बाइट सरळ इतरांच्या वाट्यातून जातो.

म्हणून ती ओळ लिहिण्याआधी मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. मी आत्ता कुठे उभा राहून मागतोय? ही मेमरी फक्त सीपीयू बघणार आहे की हार्डवेअरसुद्धा? आणि ती कोण, कधी सोडणार आहे? ‘किती हवी’ हा प्रश्न या तिघांनंतर येतो. खालचे जवळजवळ सगळे प्रश्न या तिघांपैकी कुठल्यातरी एकाचेच आहेत.

‘कुठे उभा राहून’ म्हणजे काय? जीएफपी-कर्नल आणि जीएफपी-ॲटॉमिक यांत कसं निवडायचं?

जीएफपी म्हणजे ‘गेट फ्री पेजेस’, कर्नलच्या जुन्या पान-वाटपाच्या फंक्शनावरून आलेलं नाव. हा झेंडा कर्नलला सांगतो की माझ्यासाठी तू किती खटपट करू शकतोस.

जीएफपी-कर्नल म्हणजे ‘मी थांबू शकतो’. मेमरी कमी असेल तर कर्नल तुम्हाला झोपवतो, पेज कॅश (डिस्कवरच्या डेटाची रॅममधली प्रत) रिकामी करतो, घाण झालेली, म्हणजे बदललेली पण डिस्कवर न गेलेली पानं डिस्कवर लिहितो, मग तुम्हाला उठवून मेमरी देतो. प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन), ओपन, रीड, राइट, आयऑक्टल, वर्कक्यू, थ्रेडेड इंटरप्ट हँडलर या सगळ्या ठिकाणी हेच वापरा. म्युटेक्स हे कुलूप हातात असलं तरी चालतं, कारण म्युटेक्स धरून झोपता येतं.

जीएफपी-ॲटॉमिक म्हणजे ‘मला झोपता येत नाही, असेल तर आत्ता दे, नसेल तर नाही म्हण’. हार्ड इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने हाक मारताच चालणारा कोड), टायमरचं कॉलबॅक, सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टचं उरलेलं काम), स्पिनलॉक (मिळेपर्यंत गरगरत ठेवणारं कुलूप) धरलेला असताना, आरसीयू रीड सेक्शनमध्ये (कुलपाविना वाचण्याच्या पट्ट्यात), प्रीएम्प्शन (थ्रेड मध्येच बदलणं) बंद असताना हे वापरायचं.

स्पिनलॉक धरून जीएफपी-कर्नल वापरलं. सहा महिने चाललं, काही झालं नाही. खरंच चूक आहे का?

आहे, आणि ती लपून बसते म्हणूनच घातक आहे. मेमरी भरपूर असते तोवर केमॅलॉकला झोपायची वेळच येत नाही, लगेच तुकडा मिळतो. तुमच्या टेबलावरच्या मशीनमध्ये ३२ जीबी रॅम, चालू फक्त एक टर्मिनल आणि एडिटर. गिऱ्हाइकाच्या बोर्डवर २५६ एमबी आणि दिवसभर व्हिडिओ. तिथे एके दिवशी मेमरी संपत येते, कर्नल तुमच्या थ्रेडला झोपवतो आणि लॉक तसाच धरलेला राहतो. बाकीचे कोअर त्या लॉकवर गरगरत बसतात. त्याच कोअरवर आलेल्या इंटरप्टला तोच लॉक हवा असेल तर मशीन जागच्या जागी गोठतं.

कर्नल बिल्ड करताना ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ हा पर्याय चालू ठेवा. तो प्रत्यक्ष झोप लागण्याची वाट बघत नाही. झोपू शकणारं फंक्शन चुकीच्या ठिकाणी नुसतं बोलावलं गेलं तरी लॉगमध्ये ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड काँटेक्स्ट’ अशी ओळ आणि खाली पूर्ण स्टॅक, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं ती साखळी छापतो. या एका पर्यायाने आमचे जितके दिवस वाचवले तितके दुसऱ्या कशानेच नाहीत.

मग सगळीकडे ॲटॉमिकच वापरलं तर? सुरक्षित नाही का?

उलट. ॲटॉमिक मागणीला कर्नल खालच्या राखीव साठ्यातून देऊ शकतो. तो साठा ज्यांना खरोखर थांबता येत नाही त्यांच्यासाठी ठेवलेला असतो, उदाहरणार्थ नेटवर्क कार्डवर येणारं पॅकेट. प्रोबमध्ये निवांत उभं राहून त्या साठ्यात हात घालायचं कारण नाही. शिवाय ॲटॉमिक मागणी थांबू शकत नसल्यामुळे ती लवकर नापास होते.

इंटरप्टमध्ये मेमरी लागतेच आहे असं दिसलं तर झेंडा बदलण्याआधी रचना बदलता येते का ते बघा. काम थ्रेडेड हँडलरकडे ढकलता येतं. किंवा प्रोबमध्येच सगळे बफर घेऊन ठेवता येतात. चांगला नेटवर्क ड्रायव्हर येणाऱ्या पॅकेटांचे बफर आधीच रिंगमध्ये (फिरत्या यादीत) भरून ठेवतो. एक वापरला की नवा मागतो, नाही मिळाला तर ते पॅकेट टाकून जुनाच बफर परत रिंगमध्ये ठेवतो आणि पुढे चालतो. मेमरी न मिळणं हा तिथे रोजच्या व्यवहाराचा भाग धरलेला असतो.

जीएफपी-नोआयओ कधी लागतं?

तुमचा ड्रायव्हर स्टोरेजच्या वाटेवर असेल तेव्हा. समजा डिस्कचा ड्रायव्हर एक लेखन पूर्ण करायला जीएफपी-कर्नलने मेमरी मागतोय. मेमरी नाही, म्हणून कर्नल घाण पानं डिस्कवर लिहायला निघतो. कोणत्या डिस्कवर? तुमच्याच. तुम्ही मेमरीसाठी थांबलात आणि मेमरी तुमच्यासाठी थांबली. नोआयओ म्हणजे ‘मेमरी मोकळी करताना डिस्कचं काम सुरू करू नकोस’. नोएफएस हा त्याचा भाऊ, फाइल सिस्टिमच्या कोडसाठी.

आता प्रत्येक कॉलला वेगळा झेंडा लावण्यापेक्षा ‘मेमअलॉक-नोआयओ-सेव्ह’ आणि ‘रिस्टोअर’ या जोडीने कोडचा तो पूर्ण पट्टाच बंदिस्त करतात. आतल्या कोणत्याही फंक्शनाने जीएफपी-कर्नल मागितलं तरी ते आपोआप नोआयओ होतं. यूएसबी डिव्हाइस रीसेट करताना कर्नलचा यूएसबी कोड हेच करतो, कारण त्या डिव्हाइसवर पेन ड्राइव्हसुद्धा असू शकतो.

केमॅलॉकने एका वेळी किती मागता येतं?

४ केबीची पानं असलेल्या नेहमीच्या मशीनवर वरची मर्यादा साधारण ४ एमबी. पण मर्यादेपेक्षा मधले टप्पे जास्त कामाचे आहेत. केमॅलॉक ठरावीक मापांच्या डब्यांतून देतं: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, ५१२, मग १ केबी, २ केबी, ४ केबी, ८ केबी. तुम्ही १०० बाइट मागितले की १२८ चा डबा मिळतो.

हे एकदा जवळून बघा. एका ड्रायव्हरमध्ये बरोबर ४०९६ बाइटचा डेटा बफर होता. कोणीतरी त्याच स्ट्रक्चरमध्ये वर ४ बाइटचा काउंटर जोडला. माप झालं ४१००, डबा झाला ८१९२ चा. प्रत्येक बफरमागे ४०९२ बाइट वाया, आणि असे बफर एक हजार होते. चार बाइटांच्या काउंटरपायी जवळजवळ ४ एमबी रॅम गेली. काउंटर वेगळ्या ॲरेमध्ये हलवला, प्रश्न संपला. स्लॅबटॉप ही डब्यांचा हिशेब दाखवणारी कमांड चालवून, आपला ड्रायव्हर घातल्यावर कोणत्या डब्यातला आकडा किती वाढतो ते बघायची सवय लावा.

लॉगमध्ये ‘पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४’ आलंय, पण रॅम तर अर्धी मोकळी दिसते. असं कसं?

मोकळी आहे, सलग नाही. ऑर्डर ४ म्हणजे २ चा चौथा घात, १६ पानं, म्हणजे ६४ केबी, तेही एकाला एक लागून. यात्रेच्या एसटीत दहा जागा रिकाम्या असतात, पण पाच जणांच्या घराला एका रांगेत बसायला मिळत नाही, तशी गत. मशीन आठ-दहा दिवस चालू राहिलं की मोकळी पानं विखुरतात. प्रॉक-बडीइन्फो ही फाइल वाचलीत तर प्रत्येक ऑर्डरचे किती सलग तुकडे शिल्लक आहेत ते रांगेत दिसतं. डावीकडे हजारो आणि उजवीकडे शून्यं दिसली की रोग समजला.

इलाज मागणी लहान करण्यात आहे. ६४ केबीच्या एका बफरऐवजी ४ केबीचे सोळा घेऊन स्कॅटर-गॅदर यादी (विखुरलेल्या तुकड्यांच्या पत्त्यांची) करा, बहुतेक आधुनिक हार्डवेअरला ती चालते. सलगच हवं असेल तर प्रोबमध्ये, मशीन ताजं असताना घ्या आणि सोडू नका. फक्त सीपीयूच वाचणार असेल तर पुढचा प्रश्न बघा.

व्हीमॅलॉक आणि केव्हीमॅलॉक?

व्हीमॅलॉक विखुरलेली पानं गोळा करून पेज टेबलातून (पॉइंटरचा पत्ता खऱ्या रॅमशी जोडणाऱ्या तक्त्यातून) ती सलग आहेत असं दाखवतं. मोठी टेबलं, फर्मवेअरची प्रत, लॉगचा बफर यांना उत्तम. पेज टेबल बदलावं लागतं म्हणून ते केमॅलॉकपेक्षा संथ आहे, आणि लहान मागणीलाही पूर्ण पान खर्च होतं. अशी मेमरी थेट डीएमएला (हार्डवेअरने सीपीयूविना मेमरी वाचणं-लिहिणं) देऊ नका.

केव्हीमॅलॉक २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मध्ये आलं. आधी केमॅलॉक करून बघतं, नाही जमलं तर व्हीमॅलॉककडे वळतं. माप वापरकर्त्याच्या इनपुटवर ठरत असेल आणि मेमरी फक्त सीपीयूची असेल तर मी आता डोळे झाकून हेच घेतो. दोन पथ्यं: ॲटॉमिक ठिकाणी वापरायचं नाही, आणि सोडताना केव्हीफ्री. कशाने घेतलं त्याच्याच जोडीदाराने सोडायचं, इथे अदलाबदल चालत नाही.

केमॅलॉक की केझॅलॉक?

केझॅलॉक, म्हणजे शून्य भरून देणारं. केमॅलॉकच्या तुकड्यात आधीच्या मालकाचा कचरा असतो. तो न पुसता स्ट्रक्चर वापरकर्त्याकडे कॉपी केलं की मधल्या रिकाम्या बाइटांतून कर्नलची माहिती बाहेर जाते. शून्य भरण्याचा खर्च मोजून महाग ठरला, तरच केमॅलॉक. आणि उलट बाजूला, पासवर्ड किंवा की ठेवलेली मेमरी सोडताना केफ्री-सेन्सिटिव्ह वापरा, ते आधी पुसतं मग सोडतं.

एन गुणिले साइझऑफ असं थेट लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये का अडवतात?

कारण एन बाहेरून आलेला असेल तर गुणाकार ओसंडतो. ३२ बिटांच्या मशीनवर एन आहे ११ कोटी, साइझऑफ ४०: गुणाकार गुंडाळून लहान आकडा उरतो, मेमरी लहान मिळते, आणि पुढचं लूप मात्र पूर्ण एन वेळा लिहीत सुटतं. केकॅलॉक आणि केमॅलॉक-ॲरे हा गुणाकार तपासून करतात आणि ओसंडला तर नल (रिकामा पॉइंटर) देतात. शेवटी लवचिक, म्हणजे लांबी आधी न ठरलेला ॲरे असलेल्या स्ट्रक्चरसाठी स्ट्रक्ट-साइझ आहे.

याच घरातली आणखी एक चूक: पी बरोबर केरीअलॉक पी. केरीअलॉक तुकड्याचं माप बदलतं. ते नापास झालं तर नल देतं, पण जुना तुकडा जिवंत असतो. पी वर नल बसलं की त्या तुकड्याचा पत्ता हरवला. निकाल आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये घ्या.

लहान मागण्या कधी नापास होतच नाहीत म्हणे. मग नल कशाला तपासायचा?

हे अर्धं खरं आहे. ऑर्डर ३ पर्यंतच्या, म्हणजे ३२ केबीपर्यंतच्या जीएफपी-कर्नल मागणीसाठी कर्नल फार चिवटपणे प्रयत्न करतो, वेळ आली तर एखाद्या प्रोसेसला मारूनही मेमरी काढतो. पण ही आजची वागणूक आहे, तसं वचन कोणी दिलेलं नाही. नल तपासा, उणे-ईनोमेम (‘मेमरी नाही’ हा एरर कोड) परत करा.

एक मात्र करू नका. ‘मेमरी संपली’ असा स्वतःचा संदेश छापू नका. कर्नल स्वतःच स्टॅकसकट मोठा अहवाल छापतो, आणि चेकपॅच ही स्क्रिप्ट तुमच्या त्या ओळीवर इशारा देते.

डेव्हएम-केझॅलॉक वापरलं की सोडायची काळजी संपली, बरोबर?

या प्रश्नावर थोडा वेळ काढा, कारण ‘हो’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं.

डेव्हएम-ची फंक्शनं ज्या सोयीवर चालतात ती डेव्हरेस तेजुन हिओ यांनी आणली आणि २००७ मध्ये ती कर्नल २.६.२१ मध्ये आली. घेतलेली प्रत्येक वस्तू डिव्हाइसच्या यादीत टांगली जाते. प्रोब नापास झालं किंवा ड्रायव्हर सुटला, की यादी उलट्या क्रमाने आपोआप मोकळी होते. त्याआधी प्रोबच्या शेवटी, चुकल्यावर एकेक वस्तू सोडायला, गोटूंची जी लांबलचक उतरंड असायची, ती यामुळे गेली. ड्रायव्हर वाचायला सोपे झाले, लीक (सोडायची राहून गेलेली मेमरी) कमी झाले. मी रोज वापरतो.

पण ती मेमरी ‘ड्रायव्हर डिव्हाइसला जोडलेला आहे तोवर’ जगते. ‘कोणी वापरतंय तोवर’ नव्हे. आता हा प्रसंग बघा. तुमचं यूएसबी डिव्हाइस आहे, त्याची डेव्हमध्ये फाइल आहे. एका प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवली आहे. कोणीतरी केबल ओढली. कर्नलने डिसकनेक्ट बोलावलं, ड्रायव्हर सुटला, डेव्हएमने मेमरी सोडली. तो प्रोग्रॅम अजून चालूच आहे. त्याने रीड केलं. तुमचं रीड फंक्शन फाइलच्या प्रायव्हेट-डेटामधून जुना पॉइंटर उचलतं, आणि तिथे आता दुसऱ्याच कोणाचा डेटा आहे. दहातल्या नऊ वेळा काहीच होत नाही. दहाव्या वेळी मशीन पडतं, आणि तेही भलत्याच ड्रायव्हरच्या नावाने.

जी मेमरी उघड्या फाइलमधून गाठता येते, तिला केरेफ (किती जण वापरताहेत ते मोजणारा काउंटर) लावा. प्रोबचा एक संदर्भ, प्रत्येक ओपनचा एक. शेवटचा संदर्भ सुटेल तेव्हा साध्या केफ्रीने सोडा. रीडच्या सुरुवातीला ‘डिव्हाइस गेलंय का’ हा झेंडा लॉक धरून तपासा आणि गेलं असेल तर उणे-ईनोडेव्ह (‘डिव्हाइस नाही’) परत करा.

दुसरा खड्डा क्रमाचा. काही वस्तू डेव्हएमने आणि काही हाताने घेतल्या, तर ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या रिमूव्हमध्ये हाताच्या आधी सुटतात, डेव्हएमच्या नंतर. इंटरप्ट डेव्हएमने नोंदवलाय आणि त्याचा बफर तुम्ही रिमूव्हमध्ये केफ्री केलात, तर मधल्या क्षणी आलेला इंटरप्ट सोडलेल्या बफरवर लिहितो. एका ड्रायव्हरमध्ये एक तर सगळं डेव्हएम, नाहीतर सगळं हाताने, असं मी नव्यांना सांगतो. अनुभव आल्यावर मिसळता येतं.

डीएमएसाठी मेमरी कशी घ्यायची?

इथे सुरुवातीच्या तिघांपैकी दुसरा प्रश्न येतो: हार्डवेअरही ती मेमरी बघणार आहे. हार्डवेअरला तुमचा पॉइंटर कळत नाही, त्याला बसवरचा पत्ता लागतो. मध्ये आयओएमएमयू (हार्डवेअरचे पत्ते बदलून देणारं युनिट) असेल तर तो पत्ता फिजिकल पत्त्यापेक्षाही वेगळा असतो. म्हणून पत्ता स्वतः काढायला जाऊ नका, डीएमए एपीआयकडूनच घ्या. जुन्या कोडमध्ये व्हर्ट-टू-फिज (पॉइंटरवरून फिजिकल पत्ता काढणारं फंक्शन) दिसलं तर ते बदलायचं काम आहे असं समजा. जीएफपी-डीएमए हा झेंडाही सोडा. एक्स८६ वर त्याचा अर्थ पहिले १६ एमबी असा आहे, २४ बिटांचा पत्ता असलेल्या जुन्या आयएसए कार्डांसाठी.

प्रोबमध्ये सगळ्यात आधी हार्डवेअर किती बिटांचा पत्ता समजतं ते डीएमए-सेट-मास्कने सांगा. मग दोन वाटा आहेत. सीपीयू आणि हार्डवेअर दोघेही सतत डोकावणार असतील, जसं डिस्क्रिप्टरची (बफर कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींची) रिंग, तर डीएमए-अलॉक-कोहेरंट. ही मेमरी दोघांना कायम सारखीच दिसते, पण ज्या बोर्डांवर कॅश आपोआप जुळत नाही तिथे ती बहुधा कॅशविना असते, म्हणून सीपीयूला संथ वाटते. डेटाचे मोठे बफर असतील तर साध्या केमॅलॉकने घ्या आणि प्रत्येक देवाणघेवाणीपुरतं डीएमए-मॅप-सिंगल करा. मॅप केल्यापासून अनमॅप करेपर्यंत तो बफर हार्डवेअरच्या मालकीचा. मध्ये वाचायचंही नाही. आणि मॅपचा निकाल डीएमए-मॅपिंग-एररने तपासा, नलशी तुलना करून चालत नाही.

आमच्याकडे घडलेलं एक सांगतो. एसपीआय या सीरियल बसवर एक सेन्सर होता. स्ट्रक्चरमध्ये ८ बाइटचा रिसीव्ह बफर आणि त्याला लागूनच ‘नवं रीडिंग आलंय’ असा झेंडा. एक्स८६ च्या मशीनवर सगळं चोख. आर्मच्या बोर्डवर काही हजार रीडिंगांत एखादं रीडिंग शिळं यायचं, आधीचंच पुन्हा. सेन्सर बदलला, वायरी आखूड केल्या, घड्याळ कमी केलं, ऑसिलोस्कोपवर सिग्नल स्वच्छ दिसत होता. आठवडा गेला.

कारण कॅश लाइन, म्हणजे कॅश एका वेळी हलवते ती ओळ, निघाली. बफर आणि झेंडा एकाच ६४ बाइटांच्या ओळीत होते. हार्डवेअर रॅममध्ये नवे बाइट लिहीत असताना दुसरा थ्रेड झेंडा बदलत होता. त्यामुळे ती अख्खी ओळ, बफरच्या जुन्या बाइटांसकट, कॅशमध्ये ‘बदललेली’ म्हणून उभी राहायची, आणि रॅममध्ये परत लिहिली गेली की नव्या बाइटांवर जुने बसायचे. एक्स८६ वर हार्डवेअरच कॅश जुळवतं, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नसतं. बफर स्ट्रक्चरच्या शेवटी नेला, आर्च-डीएमए-मिनअलाइन इतकं अलाइनमेंट दिलं, त्याच्यानंतर काहीही ठेवलं नाही. तेव्हापासून मी रिव्ह्यूमध्ये डीएमए बफरचा शेजारी कोण आहे हे आधी बघतो.

स्टॅकवरचा छोटा ॲरे डीएमएला दिला तर?

देऊ नका. स्टॅक, म्हणजे फंक्शनांची स्थानिक व्हेरिएबलं राहतात ती जागा, लहान आहे, एक्स८६-६४ वर १६ केबी, हे एक कारण. पण मोठं कारण असं की २०१६ अखेरीस आलेल्या कर्नल ४.९ पासून एक्स८६ वर स्टॅकच व्हीमॅलॉकच्या मेमरीत असू शकतो. पत्त्याचं साधं गणित तिथे चालत नाही. वर्षानुवर्षं चाललेले अनेक यूएसबी ड्रायव्हर त्यानंतर मोडले आणि एकेक करून दुरुस्त करावे लागले. दोन बाइट पाठवायचे असले तरी केमॅलॉक करा.

कॅमेऱ्यासाठी ३० एमबी सलग हव्यात. केमॅलॉक देत नाही.

सीएमए बघा. २०१२ मध्ये कर्नल ३.५ मध्ये आलं. बूटच्या वेळी एक मोठा पट्टा राखून ठेवतात, पण तो रिकामा पडून राहत नाही, हलवता येणारी पानं तिथे राहायला येतात. तुम्ही डीएमए-अलॉक-कोहेरंटने मागितलं की ती पानं दुसरीकडे हलवून जागा करून दिली जाते. आयओएमएमयू असेल तर याची गरजच पडत नाही, तो विखुरलेली पानं हार्डवेअरला सलग दाखवतो.

स्वतःची स्लॅब कॅश कधी करावी? मेमपूल कधी?

एकाच मापाच्या वस्तू सेकंदाला हजारोंनी घ्यायच्या-सोडायच्या असतील, किंवा माप डब्यांत नीट बसत नसेल, तर केमेम-कॅश-क्रिएटने स्लॅब कॅश, म्हणजे त्याच मापाचा स्वतःचा डबा करा. ही कल्पना जेफ बॉनविक यांनी सन कंपनीत सोलारिससाठी मांडली, १९९४ मध्ये. लिनक्समध्ये दीर्घकाळ स्लॅब, स्लब आणि स्लॉब असे तीन प्रकार होते. आता फक्त स्लब आहे: स्लॉब २०२३ मध्ये ६.४ मध्ये काढला, स्लॅब २०२४ मध्ये ६.८ मध्ये. जुने लेख वाचताना हे ध्यानात असू द्या.

मेमपूल म्हणजे बाजूला काढून ठेवलेल्या ठरावीक वस्तू, जेणेकरून काहीही झालं तरी काम पुढे सरकेल. स्टोरेजच्या वाटेवर तो खरोखर लागतो. सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये मेमपूल दिसला तर मी काढायला सांगतो. मेमरी अडकवून बसतो आणि काही देत नाही.

लीक कसा शोधायचा?

केमेमलीक, कॅटलिन मरिनास यांनी लिहिलेलं, कर्नलमध्ये २००९ पासून आहे. ते कर्नलची मेमरी चाळून बघतं आणि ज्या तुकड्याकडे बोट दाखवणारा एकही पॉइंटर सापडत नाही, तो संशयित म्हणून नोंदवतं, कुठे घेतला होता त्या स्टॅकसकट. मी असं करतो: डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबगसाठीच्या फाइल सिस्टिममधल्या) केमेमलीक फाइलमध्ये आधी ‘क्लिअर’ लिहायचं, मॉड्यूल शंभर वेळा घालायचं-काढायचं, मग ‘स्कॅन’ लिहून फाइल वाचायची. पहिल्या स्कॅनला खोटे संशयित येतात, दुसऱ्यांदा चालवा.

जो तुकडा एखाद्या यादीत लटकून राहिलाय पण कोणी वापरत नाही, तो मात्र यात दिसणार नाही, कारण पॉइंटर आहे. त्यासाठी स्लॅबटॉपमधला आकडा रात्रभर चढतोय का ते बघा.

क्रॅशच्या रजिस्टरांमध्ये ‘सहा-बी सहा-बी सहा-बी’ असा आकडा भरलेला आहे. हे काय?

सोडलेली मेमरी वापरली गेली. स्लबचं डीबग चालू असेल तर सोडलेल्या तुकड्यात हाच बाइट भरतात, म्हणजे तो पॉइंटर म्हणून वापरताच ओळखू यावा. ‘पाच-ए’ दिसला तर मेमरी घेतली पण भरलीच नाही.

याहून नेमकं हवं असेल तर कासान, कर्नल ४.० पासून, २०१५. प्रत्येक वाचन-लेखन तपासतं, चूक होते त्याच ओळीवर पकडतं, आणि कोणी घेतलं, कोणी सोडलं तेही दाखवतं. त्याच्या नेहमीच्या प्रकारात एक अष्टमांश मेमरी हिशेबाला जाते आणि मशीन जाणवण्याइतकं संथ होतं, म्हणून ते टेबलावरच. गिऱ्हाइकाकडच्या मशीनवर चालवण्यासाठी केफेन्स आहे, २०२१ मध्ये ५.१२ मध्ये आलेलं. ते अधूनमधून एखादीच मागणी निवडून पहाऱ्यात ठेवतं. एका मशीनवर फारसं सापडत नाही, हजार मशीनवर सापडतं.

विंडोजचा ड्रायव्हर लिहायचा आहे. हे सगळं उपयोगी पडेल?

विचार पडेल, नावं नाहीत. तिथे ‘कुठे उभा आहे’ याला आयआरक्यूएल म्हणतात. पेज्ड पूल आणि नॉनपेज्ड पूल असे दोन साठे आहेत. पेज्ड पूल डिस्कवर जाऊ शकतो, म्हणून डिस्पॅच लेव्हलला, जिथे थांबता येत नाही, त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक मागणीला चार अक्षरांचा टॅग द्यावा लागतो आणि पूलमॉन या साधनात टॅगनुसार हिशेब दिसतो. ही सोय मला मनापासून आवडते. नव्या कोडमध्ये एक्स-अलोकेट-पूल-२ वापरा, ते आपणहून शून्य भरून देतं. आणि ड्रायव्हर व्हेरिफायर हे चुका पकडणारं साधन चालू केल्याशिवाय काही सोपवू नका.

रस्ट भाषेत लिहिलं तर हे प्रश्न सुटतात का?

‘कोण सोडणार’ हा बराचसा सुटतो, कारण मालकी कंपाइलर सांभाळतो. नल तपासायचा विसरही पडत नाही, मागणीचा निकाल हाताळावाच लागतो. पण जीएफपीचा झेंडा तिथेही तुम्हीच द्यायचा असतो. स्पिनलॉक धरून जीएफपी-कर्नल दिला तर ते बिनतक्रार कंपाइल होतं. रस्टचा आधार कर्नलमध्ये डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून आहे. सी मध्येच राहायचं असेल तर ६.५ पासून अंडरफ्री-केफ्री अशी खूण व्हेरिएबलला लावता येते, फंक्शनातून बाहेर पडताना ते आपोआप सुटतं.

मेमरी न मिळाल्यावरची वाट मी कधी चालवूनच पाहिलेली नाही. कशी पाहू?

फेलस्लॅब चालू करा. कर्नल मुद्दाम काही मागण्या नापास करतो. किती टक्के आणि किती अंतराने ते डीबगएफएसमधून ठरवता येतं, आणि फक्त एका प्रोसेसपुरतंही मर्यादित ठेवता येतं. तेवढं कराच, नाहीतर मॉड्यूल घालण्याआधी शेलच कोसळेल.

क्यूएमयू या एम्युलेटरमध्ये १२८ एमबीचं मशीन उभं करा, कासान आणि केमेमलीक चालू असलेला कर्नल घाला. मग मॉड्यूल घालताना पहिली मागणी पाडा, पुढच्या खेपेला दुसरी, मग तिसरी, प्रोब पूर्ण यशस्वी होईपर्यंत. दहा मागण्या असतील तर अकरा खेपा. प्रत्येक खेपेनंतर केमेमलीकची फाइल वाचा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन वर्षं चालू असलेल्या ड्रायव्हरच्या चौथ्या मागणीवर लीक निघाला आणि सातव्या मागणीवर नोंदणी न झालेला इंटरप्ट सोडायचा प्रयत्न. सगळ्याला मिळून एक दुपार लागली.